शुक्रवारी आग्र्यात

शुक्रवारी ताजमहाल बंद असतो हे मला माहीत होतं. तरी मी नेमकी शुक्रवारी पहाटे आग्र्याला पोचणारी तिकिटं काढली, कारण त्याच गाडीत आईला खालचा बर्थ मिळत होता. गुडघ्यांमुळे तिला वर चढता येत नाही. आल्यावर दिवसभर पडून राहू, असा माझा बेत होता. आईने आंघोळ उरकली, चहा घेतला आणि नऊलाच पिशवी खांद्याला लावली. "पडून राहायला घर आहे. चल."

पहिल्या रिक्षावाल्याने सकाळ खाल्ली. ‘माताजी, माताजी’ करत त्याने आम्हाला तीन संगमरवराच्या दुकानांत नेलं. काही घेतलं नाही तरी चालेल, फक्त बघा, असं म्हणत. चौथ्या दुकानाच्या पायऱ्या बघून आई मुकाट्याने पदराने कपाळ पुसायला लागली, तेव्हा मी त्याचे पैसे देऊन टाकले आणि दुसरी रिक्षा केली. म्हाताऱ्या माणसाला असं फिरवणं मला अजिबात सहन होत नाही.

यमुनेपलीकडे एतमादुद्दौलाची कबर पाहिली. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी बांधलेली, १६२८ मध्ये पूर्ण झालेली, म्हणजे ताजच्या आधीची. संगमरवरात रंगीत दगड बसवून केलेली सुरया आणि फुलदाण्यांची नक्षी इतकी नाजूक आहे की आई प्रत्येक कोनाड्यापाशी थांबत होती. पुढे चिनी का रौझा. शाहजहानचा वजीर अफजलखान याची ही कबर (प्रतापगडचा तो अफजलखान नव्हे, हे आईला लगेच सांगावं लागलं). भिंतींवरच्या निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरश्या बऱ्याच गळून गेल्यात. जिथे उरल्यात तिथे ऊन पडलं की नजर हटत नाही. आम्ही दोघी सोडून तिथे कुणीही नव्हतं.

पण मला लिहायचंय ते दुपारबद्दल.

भगवान टॉकीजच्या चौकाजवळ जुनं रोमन कॅथलिक कब्रस्तान आहे. बाहेर हॉर्न, बस, उसाच्या रसाचे गाडे. आत शिरलं की कडुलिंबाची सावली आणि पोपटांचा आवाज. राखणदाराने आईकडे पाहून आधी खुर्ची आणून दिली, मग कशासाठी आलात ते विचारलं. दिवसभरात आमच्याशी कुणी असं वागलं नव्हतं. अकबराच्या काळापासून आग्र्यात राहिलेल्या आर्मेनियन लोकांच्या कबरी इथे आहेत. जॉन मिल्डेनहॉल हा इंग्रज व्यापारी १६१४ मध्ये वारला, तोही इथेच पुरलेला आहे. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध एक ताजमहाल उभा आहे. लाल दगडाचा, छोटासा, भोवतीच्या चार सुट्या मिनारांशिवाय.

तो जॉन विल्यम हेसिंग याचा. हॉलंडमधल्या उत्रेख्त गावचा शिपाईगडी. महादजी शिंद्यांच्या फौजेत आला, महादजींच्या मागे दौलतरावांकडे राहिला आणि आग्र्याच्या किल्ल्याचा किल्लेदार झाला. २१ जुलै १८०३ रोजी, त्रेसष्टाव्या वर्षी वारला. आईला हे सांगितलं तशी ती खुर्चीतून उठलीच. आमच्या घरात आग्रा म्हणजे १६६६, महाराजांची नजरकैद आणि सुटका. शाळेत तेवढंच शिकलो. त्याच किल्ल्यावर पुढे मराठ्यांचा अंमल होता, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

"म्हणजे शिंद्यांचा माणूस," आई म्हणाली. "आणि हे बांधलं कुणी?"

"त्याच्या बायकोने."

आई काही बोलली नाही. चौथऱ्याच्या पायऱ्या तिने एकेक करून, माझा हात धरून चढल्या. सकाळी दुकानाच्या पायऱ्यांना कंटाळलेली तीच बाई. वर जाऊन तिने दगडावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बाबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ही सहल त्यांनीच ठरवलेली.

"नवरा गेला तेव्हा इथे शांतता होती का गं?" तिने विचारलं.

नव्हती. इंग्रज आणि शिंद्यांचं युद्ध तोंडावर होतं. हेसिंग गेल्यावर तीन महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, जनरल लेकच्या फौजेने किल्ला घेतला.

"आणि तशात तिने हे उभं केलं," आई म्हणाली. मग बराच वेळ आम्ही चौथऱ्यावर बसून राहिलो. राखणदाराने न मागता पाणी आणून दिलं. निघताना मी पैसे पुढे केले तर तो घेईना. शेवटी आईने पिशवीतले बेसनाचे लाडू त्याच्या हातावर ठेवले, ते मात्र घेतले.

शनिवारी ताज पाहिला. सुंदर आहे, गर्दी फार.

परतीच्या गाडीत दिवे मालवल्यावर खालच्या बर्थवरून आईचा आवाज आला, "तिचं नाव काय होतं गं?"

मी वही काढून मोबाइलच्या उजेडात पाहिली. हेसिंगचं गाव, वय, मृत्यूची तारीख, सगळं टिपलं होतं. तिचं नाव लिहून घ्यायचं राहिलं होतं.