आजीचा स्वेटर आणि नववी प्रिंट

आजीच्या जुन्या कृष्णधवल फोटोच्या प्रिंट काढून मी त्या हाताने तेलरंगांनी रंगवतेय. आठव्या प्रिंटवर तिचे गाल रंगवले आणि रात्री समाधानाने झोपले. सकाळी खिडकीजवळ नेऊन पाहिलं तर कळसूत्री बाहुली! दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्वचेच्या रंगाचा अंदाज चुकतो हे माहीत असूनही दर वेळी फसते. गाल टर्पेंटाइनने पुसायला गेले तर खालचा अर्धवट वाळलेला थरही उठला. ती प्रिंट आता रंग तपासून बघायला ठेवली आहे.

तर नववी. या वेळी रंगांची पेटी उघडायच्या आधी दोन संध्याकाळी डार्करूममध्येच घालवल्या, आणि आता माझं मत ठाम झालंय की निम्म्याहून जास्त रंगकाम तिथेच होतं. तेलरंगाचा थर पारदर्शक असतो. खालचा कागद जिथे उजळ आहे तिथेच रंग उमटतो. गडद सावलीत कितीही चोळा, रंग बुडून जातो आणि नुसती चकाकी उरते. म्हणून प्रिंट एक ग्रेड मऊ (म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक कमी) आणि किंचित फिकी काढली. नुसती पाहिली तर रद्दीत टाकावी अशीच. कागद अर्थातच मॅट, फायबरचा. ग्लॉसी आरसी, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेल्या, पेपरवर मी सुरुवातीला तीन प्रिंट वाया घालवल्या, रंग धरतच नाही. (मूळ फोटोला कधीच हात लावत नाही. फोटोचा फोटो काढून कॉपी निगेटिव्ह करायची आणि त्यावरून हव्या तेवढ्या प्रिंट बिघडवायच्या.)

मग सेपिया, म्हणजे काळ्या छटा रसायनाने तपकिरी करणं. राखाडी छटेवर पिवळसर त्वचारंग चढवला की हिरवट झाक येते, माणूस आजारी दिसतो. सेपियावर तोच रंग जिवंत वाटतो. ब्लीचमध्ये, म्हणजे काळी छटा उडवणाऱ्या द्रावणात, आधी उजळ भाग उडतात, काळे भाग सगळ्यात शेवटी. म्हणून प्रिंट लवकर बाहेर काढली, धुतली आणि उडालेली छटा तपकिरी करून परत आणणाऱ्या टोनरमध्ये टाकली. चेहरा तपकिरी झाला, केस काळेच राहिले. अगदी हवं तसं. सोडियम सल्फाइडच्या कुजक्या अंड्यांच्या वासावरून घरात एकदा महाभारत झालंय, त्यामुळे आता टोनर म्हणून थायोयुरियाच वापरते.

आता स्वेटर. फोटोत तो जवळजवळ काळा आहे. आई म्हणते लाल होता, मामा म्हणतो छे, निळा. दोघांनीही तो लहानपणी पाहिलाय आणि दोघंही मागे हटत नाहीत. मी भिंग घेऊन बसले. आजीचे ओठ विचित्र गडद आहेत, जणू लिपस्टिक लावलीय. तिने जन्मात लावली नाही. गालावरचे वांगाचे डागही नको तितके ठळक. म्हणजे फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असणार. तिला लाल रंग दिसत नाही, त्यामुळे लाल वस्तू काळपट येतात आणि निळ्या उलट फिकट पडतात. निळा स्वेटर असता तर एवढा काळा आला नसता. अगदी गडद निळा असेल तर गोष्ट वेगळी, हे मामाने लगेच ऐकवलंच. पण माझं मत आईच्या पारड्यात.

लाल ठरला तरी काळ्यावर लाल चढवणार कसा? निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी पाडणाऱ्या एन्लार्जरखाली स्वेटरवर पुठ्ठ्याचा तुकडा हलवत धरून तेवढा भाग डॉज केला, म्हणजे तिथे कमी उजेड पडू दिला, की तो फिका येतो. चौथ्या प्रयत्नात विणीचे फासे मोकळे दिसायला लागले. वर लिहिलेल्या दोन संध्याकाळींमधली एक यातच गेली.

रंगवायला सुरुवात नेहमीसारखी. टर्पेंटाइनमध्ये थोडं जवसाचं तेल घालून सगळ्या प्रिंटवर पातळ हात फिरवला आणि कोरड्या कापसाने पुसून घेतला. आधी पार्श्वभूमी, मग कपडे, चेहरा शेवटी. मोठ्या भागाला बोळा, बारीक जागी टूथपिकला गुंडाळलेला कापूस. रंग लावण्यापेक्षा पुसण्यातच वेळ जातो. पट्टे आणि कडा नाहीशा होईपर्यंत चोळत राहायचं.

‘फ्लेश’ (त्वचेचा रंग) लिहिलेली ट्यूब सावळ्या चेहऱ्यासाठी बनलेलीच नाही, हे एव्हाना तुमच्याही लक्षात आलं असेल. आजी त्यात पीठ फासल्यासारखी दिसायची. आता पिवळसर तपकिरी रॉ सिएनामध्ये तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचा ठिपका मिसळते आणि खालच्या सेपियाला बाकीचं काम करू देते. गालांना वेगळा गुलाबी नाही, बर्न्ट सिएनाच जरा जास्त. डोळ्यांच्या पांढऱ्या भागाला हात लावला नाही, फक्त नाकाकडच्या कोपऱ्यात तांबूस टिंब. बुबुळातला चमकता ठिपका स्वच्छ टूथपिकच्या टोकाने पुसून कागद उघडा केला आणि आजी एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी टूथपिक खाली ठेवली.

मध्ये एका जुन्या प्रिंटवर जलरंगही लावून पाहिले. १८६० च्या दशकात जपानमधल्या योकोहामात फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराच्या स्टुडिओतले कारागीर अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या) प्रिंट जलरंगांनीच रंगवायचे, त्यांच्या हाताचं काम पाहून हुरळून गेले होते. पण माझ्या प्रिंटवरच्या जिलेटिनच्या थरात जलरंग मुरतो, चुकला की चुकला. तेलरंग वरच बसतो, ओला असेपर्यंत पुसता येतो. माझ्यासारख्या धसमुसळ्या माणसाला तेच बरं.

आज सहावा दिवस. चेहरा वाळलाय, पार्श्वभूमी वाळलीय, स्वेटरचा लाल अजून बोटाला लागतो. थर जाड झाला असणार. डाव्या गालावर कापसाचा एक तंतू चिकटून वाळलाय, तो सुईने काढू की राहू दे, ठरत नाहीये. मामा रविवारी येतोय. त्याच्यासाठी आठव्या प्रिंटवर स्वेटर निळा करून ठेवलाय.