खात्यात पैसे, पण चेकवर सही नाही : संस्थेच्या चेंज रिपोर्टचा माझा अनुभव

ज्या छोट्या संस्थांचे विश्वस्त बदललेत आणि ज्यांचा चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा फेरफार अर्ज, धर्मादाय कार्यालयात पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमचं काम होऊन गेलं, तरी तो विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो.

आमच्या तालुक्याच्या गावी रुग्णोपयोगी साहित्य केंद्र आहे. १९९८ साली सुरू झालेलं. फाउलर कॉट, एअर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत देणगीत आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. ज्याला लागेल त्याने न्यायचं, अनामत ठेवायची, गरज संपली की वस्तू आणून द्यायची आणि अनामत घेऊन जायची. भाडं नाही. पगारी माणूसही नाही. कॉटची चाकं बदलणारा वेल्डर, एअर बेडचा पंप उघडून बसणारा रेडिओ दुरुस्तीवाला, संध्याकाळी दोन तास दार उघडणारे निवृत्त लोक, सगळे आपापल्या वेळात येतात. मी सचिव.

बँकेत आमचा नियम असा होता की चेकवर अध्यक्षांची सही हवीच, सोबत सचिव किंवा कोषाध्यक्ष. २०२२ च्या पावसाळ्यात आमचे अध्यक्ष गेले. गावाचे अण्णा. नव्या अध्यक्षांची निवड झाली, ठराव झाला, तो घेऊन आम्ही बँकेत गेलो. तिथे ऐकलं, "मॅडम, नुसता ठराव चालणार नाही. शेड्यूल वनवर नाव चढवून आणा."

शेड्यूल वन म्हणजे सार्वजनिक न्यासाच्या नोंदवहीतला आपल्या संस्थेचा उतारा. विश्वस्त बदलला की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत फेरफार अर्ज द्यायचा असतो. मुदत हुकली तर उशीर माफ करून घेण्याची सोय आहे, पण त्या वाटेला जाऊ नका. सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरी, इतिवृत्त, मृत्यूचा दाखला, नव्या माणसाचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, एवढं नीट लावून आम्ही मुदतीत अर्ज आवकला दिला.

आणि मग आम्ही अडकलो.

टेबलावरच्या भाऊसाहेबांनी आमचा उतारा काढला, बोटाने नावं वाचली आणि मला विचारलं, "यात तुमचं नाव कुठंय?" नव्हतं. मी सचिव झाले २०१६ साली. त्या वेळी तीन विश्वस्त बदलले होते, अण्णांनी चेंज रिपोर्ट वेळेत दिला होता, पण त्याचा निकालच लागलेला नव्हता. त्यामुळे कार्यालयाच्या लेखी संस्था अजून १९९८ च्या संस्थापकांचीच होती, आणि त्यातले निम्मे हयात नव्हते. "आधीचा फेरफार प्रलंबित आहे. तो निकाली निघाल्याशिवाय हा घेता येणार नाही. आणि तुमचं नावच नोंदीत नाही, तर हा अर्ज तुम्ही कोणत्या अधिकारात दिलात?"

जो निकाल त्यांनी द्यायचा होता, तो त्यांनी दिला नाही म्हणून मी अधिकारी नाही, असा त्याचा अर्थ. मला तेव्हाही हे पटलं नाही, आजही पटत नाही.

मग २०१६ ची फाईल कुठे आहे? "रेकॉर्डला बघावं लागेल." रेकॉर्डचा माणूस रजेवर. आला तर "साहेबांची सही आणा, मग शोधतो." साहेब दुसऱ्या जिल्ह्याचा पदभार सांभाळायला गेलेले. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर ते पत्र तिसऱ्याच टेबलाला गेलं. गावाहून जिल्ह्याला जायचं म्हणजे सकाळची एसटी आणि परतायला अंधार. दर वेळी आमचा एक तरी कार्यकर्ता दिवस मोडून सोबत यायचा.

इकडे केंद्रात काय चाललं होतं ते सांगते, कारण कार्यालयात बसून ते कोणाला दिसत नव्हतं. अनामत बँकेतच भरायची, रोकड ठेवायची नाही, हा अण्णांचा शिरस्ता. म्हणजे लोकांची अनामत त्या खात्यात अडकलेली. एका संध्याकाळी एक मुलगा टेम्पोतून कॉट आणि कमोड खुर्ची घेऊन आला. वडिलांचा दहावा आदल्या दिवशी झाला होता, डोकं नुकतंच भादरलेलं. दोन्ही वस्तू त्याने स्वतः धुऊन, पुसून आणल्या होत्या. हातात आमची पावती, ३,००० रुपयांची, घडीवर फाटत आलेली. त्याला काय सांगायचं? खात्यात पैसे आहेत पण चेक फाडता येत नाही? आमच्याकडे येणारा एक निवृत्त कंडक्टर उठला, खिशातून पैसे काढले, त्या मुलाच्या हातात ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ऑडिटरना फोन केला. ही गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. ते म्हणाले, कोणाकडूनही संस्थेच्या नावाने उसने घेऊ नका. कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही, आणि हातउसने हेही कर्जच. जे घ्याल ते देणगी म्हणून घ्या, पावती फाडा, रोकड वहीत चढवा आणि त्यातून अनामत परत करा. म्हणून कंडक्टरकाकांच्या पैशांची देणगी पावती फाडली. २,००० च्या वर रोख देणगी दिली तर देणगीदाराला आयकरातली कलम ८०जीची सवलत मिळत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. ते म्हणाले, ताई, मला पेन्शनच केवढी, सवलत कसली घेऊन बसलात.

मग आमच्या गल्लीतल्या भिशीच्या बायका आल्या. त्यांनी एका महिन्याचा नंबर काढलाच नाही, प्रत्येकीने आपले पैसे स्वतःच्या नावाने देणगी दिले. वेगवेगळ्या पावत्या, प्रत्येक पावती २,००० च्या आत. औषध दुकानदाराने कॉन्सन्ट्रेटरचे नेझल कॅन्युला, म्हणजे नाकात लावायच्या नळ्या, असेच दिले. एकाने वेल्डरचं बिल परस्पर भागवलं. वस्तुरूपात किंवा असं परस्पर दिलेलं ८०जीत बसत नाही, तेही त्यांना स्पष्ट सांगितलं. देणगीदाराला आधी खरं सांगायचं, हे मी अण्णांकडून शिकले.

कोणी सुचवलं की नवी अनामत घ्या आणि त्यातून जुनी भागवा. मी नाही म्हणाले. अनामत ही दुसऱ्याची ठेव, ती फिरवायची नाही. उलट आम्ही तेवढ्या काळापुरती अनामत घेणंच बंद केलं. गावातल्या दोन ओळखीच्या माणसांनी सही करायची आणि वस्तू न्यायची. एकही वस्तू बुडाली नाही. याचा मला फार अभिमान आहे.

परत फाईलकडे. अण्णांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. वहिनींनी ती काढून दिली. त्यात २०१६ च्या चेंज रिपोर्टची प्रत होती, वर कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. मला वाटलं, सुटलो. कार्यालयात उत्तर मिळालं, "पोच म्हणजे फाईल नव्हे."

तेव्हा आमच्याकडे रविवारी येणाऱ्या एका मुलीने, ती एलएलबीला आहे, माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, बस. भाषणबाजी काही नाही, तीन प्रश्न: या आवक क्रमांकाचं प्रकरण आज कोणत्या टप्प्यावर आहे, रोजनाम्यावरची (प्रकरणाच्या तारीखवार नोंदींच्या कागदावरची) शेवटची नोंद कोणत्या तारखेची, फाईल कोणाच्या ताब्यात आहे. कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर आलं: "शोध सुरू आहे." तिने लगेच पहिलं अपील टाकलं. अपिलाची सुनावणी लागली आणि त्याच्या आधीच फाईल सापडली. निकाली प्रकरणांच्या बासनात बांधून ठेवलेली. मी ती हातात घेऊन पाहिली. रोजनाम्यावर शेवटची नोंद २०१७ ची, आणि पुढच्या तारखेची जागा कोरी. तारीखच न दिल्यामुळे इतकी वर्षं ते प्रकरण कोणाच्याच समोर आलं नव्हतं. कोणाचा विरोध नव्हता, कागद कमी नव्हता, वाद तर नव्हताच.

अधिकाराचा प्रश्न आमच्या एका संस्थापक विश्वस्तांनी, गुरुजींनी, सोडवला. वय ऐंशीच्या पुढे, नाव शेड्यूलला १९९८ पासून. एका देणगीदाराने गाडी दिली, दोघं सोबत गेले, आणि गुरुजींनी साहेबांसमोर बसून दोन्ही बदलांचं प्रतिज्ञापत्र दिलं. तुमच्याही उताऱ्यावर असं एखादं हयात नाव असेल तर पहिल्या दिवसापासून त्यांनाच पुढे करा. आम्हाला हे कार्यालयातल्या कोणी सांगितलं नाही.

२०१६ चा बदल मंजूर झाल्यावर दुसऱ्या अर्जासाठी त्या मुलीने २०१७ ची कायदादुरुस्ती लेखी पुढे ठेवली. विश्वस्तांच्या नावातला बदल १५ कामकाजाच्या दिवसांत तात्पुरता स्वीकारता येतो, मग नोटीस काढून ३० दिवस हरकतींची वाट बघायची, हरकत आली नाही तर तोच आदेश कायम. तोंडी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. लेखी होतं म्हणून आदेश निघाला. बँकेत चेकबुक चालू झालं तेव्हा मी आमच्या नव्या अध्यक्षांसमोर रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मधेच एक गोष्ट सांगायची राहिली. आयकर पोर्टलवर संस्थेच्या नावासमोर मोबाईल अण्णांचा होता. देणगीदारांचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरायचा होता, तरच त्यांना सवलतीसाठी लागणारं १०बीई प्रमाणपत्र मिळणार होतं. उशीर झाला असता तर रोजचे २०० रुपये भरावे लागले असते. वहिनींनी अण्णांचं सिम बंद न करता रिचार्ज करून ठेवलं होतं, ओटीपी त्यांनीच फोनवर सांगितला. घरात दुःख असताना हे मागणं जड जातं. पण सिम बंद करू नका म्हणून सांगा, आणि पोर्टलवरचा नंबर हयातीतच दोघांचा करून ठेवा.

प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच दोन घरांत ठेवा. अर्ज दिला म्हणजे झालं असं धरू नका, वर्षातून एकदा जाऊन रोजनामा बघा आणि पुढची तारीख लिहिलेली आहे ना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आपल्या देणगीदारांना आणि कार्यकर्त्यांना अडचण लपवून ठेवू नका, आमच्याकडे ज्यांना कळलं त्यांनीच वाट काढली. आणि आदेश मिळाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज करून शेड्यूल वनच्या प्रमाणित प्रती मागा, एक नको, तीन-चार. बँक एक ठेवून घेते, ऑडिटरना एक लागते, आणि पुढच्या वेळी कोणी नाव विचारलं तर एक तुमच्या पिशवीत असू द्या.