आमची वाटचाल : वाजवून आणि तोलून

नाशिकच्या सराफ बाजारातलं आमचं दुकान सहा बाय आठचं. सुरुवातीला ते निम्मं माझं आणि निम्मं अण्णांचं. अण्णा आधी चांदीच्या भांड्यांच्या कारखान्यात होते. ताटं-वाट्या ठोकता ठोकता त्यांचा कान तयार झाला होता. धंदा एकच, जुन्या चांदीच्या रुपयांची खरेदी-विक्री. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला रुपया, मागायला लोक येतात, त्यावर निम्मं वर्ष निघतं.

अण्णा रुपया बोटाच्या टोकावर आडवा तोलायचे आणि दुसऱ्या रुपयाने कडेला हलकेच टिचकी द्यायचे. खऱ्याचा आवाज सुटतो आणि लांबत जातो. गिलटाचा, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या हलक्या धातूचा, तिथेच बसतो, बद्द. पण नुसत्या कानावर त्यांनी कधी सौदा केला नाही. बंजारा बायकांच्या माळेतून आलेला रुपया अस्सल असूनही बद्द बोलतो, कारण माळेत ओवायच्या कडीसाठी त्याला डाख दिलेला, म्हणजे धातू वितळवून जोड लावलेला असतो. म्हणून कानाने शंका घ्यायची आणि काट्याने फेडायची, हा दुकानाचा रिवाज.

काटा म्हणजे दोन दशांशांचा. कलदार, म्हणजे इंग्रजी अमलात यंत्रावर पाडलेला रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. झिजलेला थोडा कमी भरतो, ते चालतं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि रुपया दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचा. खरा असेल तर काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, जर्मन सिल्व्हरचा (नाव सिल्व्हर, पण तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, चांदी शून्य) असेल तर १.३० च्या पुढे. कोरडं वजन या आकड्याने भागा. दहाच्या वर, सव्वादहाच्या जवळ आलं की चांदी बरोबर. १९४० ते १९४५ च्या रुपयांत मात्र चांदी निम्मीच असते, त्यांना हा हिशेब लावू नका. अण्णांनी हे कोणत्या पुस्तकातून घेतलं ते कधी सांगितलं नाही. तो पेला आजही काउंटरवर आहे.

२०११ च्या एप्रिलमध्ये चांदी किलोला सत्तर हजारांच्या वर गेली. अक्षय्य तृतीया तोंडावर होती. आमच्या जुन्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने १८६२ सालचे चारशे रुपये आणले, नग सातशेला. अण्णा त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. मी वरचे पंचवीस वाजवले, तोलले, पाण्यात सोडले. सगळे अस्सल. पिशवीचं एकूण वजनही जुळलं. पैसे दिले.

एक्केचाळीस रुपये विकून झाले आणि मास्तर आले. ते निवृत्त शिक्षक, आमचं पहिलं नियमित गिऱ्हाईक. दर महिन्याच्या पेन्शनमधून एक नाणं घ्यायचे, घेण्याआधी तासभर भिंग लावून बघायचे आणि चहा स्वतःच्या पैशाने मागवायचे. मी दहा-दहाच्या चळती लावून ठेवल्या होत्या. मास्तरांनी भिंग काढलंच नाही. म्हणाले, "शेठ, ही चळत शेजारच्या चळतीपेक्षा उंच कशी?"

अंगावर काटा आला. हलक्या धातूत वजन जुळवायचं तर जाडी वाढवावीच लागते. उंच चळतीतला एकेक रुपया आम्ही उजेडात धरला. राणीच्या गालावर बारीक तिरका ओरखडा होता. पहिल्यावर, दुसऱ्यावर, दहाव्यावरही, त्याच जागी, तेवढाच. एकाच खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेला माल होता तो. अक्षरांचे काठ बोथट, मोकळ्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे, कडेवर पुसटसा सांधा. रात्री दीडपर्यंत सगळे मोजले. विकलेले परत आल्यावर खोट्यांचा आकडा दोनशे साठवर गेला.

व्यापाऱ्याचा फोन बंद. मेच्या पहिल्या आठवड्यात चांदी कोसळली. तरीही ज्यांची नावं वहीत होती, त्या प्रत्येकाच्या घरी मी गेलो आणि विकलेल्या भावाने, नव्या भावाने नव्हे, पैसे परत दिले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. अण्णांनी डोळ्यावरची पट्टी निघायच्या आत मुदतठेव मोडली आणि मला एक शब्दही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून बोचतं.

आणि त्याहून बोचतं ते हे. पलीकडच्या गल्लीतल्या एका पेढीकडे त्याच पिशवीतला माल गेला होता. त्याच ओरखड्याचे रुपये मी लोकांच्या हातात पाहिले. त्यांनी एकही परत घेतला नाही. उलट गिऱ्हाइकांना सांगितलं, "त्यांच्याकडे जाऊ नका, ते खोटी नाणी विकतात, त्यांनीच कबूल केलंय." दोन दिवाळ्या आमच्या काउंटरवर माशी नव्हती. त्यांच्याकडे रांग होती. इतकी वर्षं झाली, मी ते विसरलेलो नाही आणि विसरायचं मला कारणही दिसत नाही.

मास्तर मात्र दर महिन्याला येत राहिले. नवीन माणूस दुकानात असला की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "इथे मी वीस वर्षं घेतोय." पुढे धंदा सावरला, अण्णा थकले, माझी मुलगी काट्यावर बसायला लागली.

आता न विचारता चार गोष्टी सांगतो. १८६२ साल आणि राणीच्या नावापुढे 'एम्प्रेस' असं दिसलं तर नाणं खाली ठेवा, ती उपाधी १८७७ पासूनच्या रुपयांवर आहे. तेच साल मात्र १८७४ पर्यंत छापत राहिले, म्हणून १८६२ चे रुपये फार दिसले तर घाबरू नका. १९३९ चा रुपया दुर्मीळ, त्यामुळे १९३८ चा आठ खरवडून नऊ केलेला मी तीनदा पाहिलाय, शेवटचा आकडा भिंगाखाली घ्याच. चांदवडी रुपया, म्हणजे आपल्या चांदवडच्या जुन्या टांकसाळीतला, हाताने ठोकलेला, ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे मजकूर कापलेलाच असायचा. अख्खा मजकूर मधोमध बसलेला दिसला तर शंका घ्या. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे चांदी असं समजू नका, जर्मन सिल्व्हरलाही ते चिकटत नाही. आणि हात जोडून सांगतो, आजीच्या पेटीतला रुपया चिंच लावून घासू नका. तो काळपटपणा दीडशे वर्षांत आलेला असतो, तुम्ही तो पाच मिनिटांत घालवता आणि मग मला भाव कमी का म्हणून विचारता.

त्या दोनशे साठांपैकी एक काउंटरच्या काचेखाली आहे, शेजारी खरा १८६२ चा. येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हातात देतो. बाकीचे दोनशे एकोणसाठ अण्णांनी पत्रा कापायच्या कात्रीने मधोमध कापले. तीन दुपारी लागल्या. मी मदतीला गेलो तर म्हणाले, "तू बस. मोज."