उजवीकडचं वाजतच नाही

गिऱ्हाईक एकटं आलं तर हेडफोन विकायला दहा मिनिटं, नवरा-बायको जोडीनं आले की अर्धा तास, हा आपला मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या १४ वर्षांचा हिशोब. त्या शनिवारी अडीच तासांच्या वर गेले आणि त्या दिवशी विक्री झालीच नाही, तरी तो दिवस अजून डोक्यात आहे म्हणून लिहितोय.

जुलै महिना, बाहेर धो धो, दुकानात ओल्या छत्र्यांचा वास. दुपारी चारच्या सुमारास एक काका-काकू आले, गिरगावातल्या चाळीत राहणारे, काका सत्तरीचे, प्रेसमध्ये ३० वर्षं छपाईच्या मशिनवर काढलेले. पिशवीतून मोठा खोका काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "ह्याचं उजवीकडचं वाजतच नाही." लगेच मागून काकू, "आणि जे वाजतं ते मला ऐकू येतं."

मला हसूच आलं. खोका उघडला तर आत चांगला महागातला ओपन-बॅक हेडफोन. म्हणजे ज्याच्या वाट्यांना बाहेरच्या बाजूनं जाळी असते आणि आवाज आत जितका जातो तितकाच बाहेर पण जातो. मुलगा बंगळुरूला असतो, त्यानं नेटवर वाचलं की शास्त्रीय संगीताला ओपन-बॅक बेस्ट, आणि वडिलांना वाढदिवसाला पाठवला. आता त्या मुलाचं काही चुकलं नाही हां, ओपन-बॅकमध्ये गाणं खरंच डोक्याबाहेर मोकळं ऐकू येतं, तानपुरा खोलीत लावल्यासारखा वाटतो. पण त्यासाठी खोली स्वतःची लागते. इथे दहा बाय बाराची खोली, काका आरामखुर्चीत, काकूंची खाट तीन फुटांवर, आणि काकूंना पहाटे साडेचारला पाणी भरायला उठायचं असतं. काकांना रात्री एक वाजेपर्यंत झोप नाही, सगळं शांत झालं की साडेअकराला मालकंस नाहीतर दरबारी लावायचा हा नेम. मी म्हणलं दुपारी ऐका की, तर माझ्याकडे असं बघितलं जसं मी भर दुपारी काकडआरती करायला सांगितली.

ह्याआधी दोन ऑनलाइन मागवून परत पाठवले होते म्हणे. का? उजवीकडचं बारीक येतं म्हणून. म्हणजे हा तिसरा. तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं होतं पण गर्दी होती, शेजारच्या दुकानात कोणीतरी डीजेचा कॉलम टेस्ट करत होता, बाहेर हॉर्न, मी विसरलो.

मी त्यांना सरळ सांगितलं की काका आत्ता इथे ऐकून काही उपयोग नाही. हे मी बऱ्याच जणांना सांगतो आणि दुकानाचा सेठ माझ्यावर चिडतो. पण होतं काय, ह्या गोंगाटात माणूस आवाज फुल करतो, त्यात ज्याचा बेस जास्त धडधडतो तोच आवडतो, तोच घेऊन जातो आणि रात्री बारा वाजता घरी लावला की डोकं धरून बसतो. रात्रीचं ऐकणं हे हळू ऐकणं असतं, ते हळूच टेस्ट करायला पाहिजे. घर दहा मिनिटांवर होतं म्हणून म्हणलं आठनंतर या, शटर अर्धं खाली घेतो, आणि काकूंना पण आणा. काकू म्हणाल्या, "मी कशाला?" म्हणलं तुम्हीच तर मेन.

सव्वाआठला दोघं हजर. सेठ गेले होते, मी एसी बंद केला, पंखा बंद केला, घामानं शर्ट चिकटला पण दुकान मस्त शांत झालं. काकूंना स्टुलावर बसवलं, काकांपासून बरोब्बर तीन फूट, खाटेइतकं. डोळे मिटा आणि ऐकू आलं की सांगा, एवढंच काम.

बजेट पाच हजार, फार तर पाचशे वर. ब्लूटूथवाले मी काढलेच नाहीत. बरेच जण म्हणतात नॉइज कॅन्सलिंगवाला द्या, पण बाबांनो ते लोकलसाठी आणि विमानासाठी, शांत खोलीत कॅन्सल करायला आहेच काय, उलट बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये त्याचाच एक बारीक 'हिस्स' असा आवाज ऐकू येत राहतो. त्यात दरबारीचा आलाप रंगात आला असताना कानात बाई ओरडते बॅटरी लो. वायरवालाच बरा. आणि कानात घालायची बोंडं काकांनी वर्षभर वापरली होती, कान दुखायचा म्हणून सोडली.

पहिला सोनीचा झेडएक्स ११०. हजाराच्या आसपासचा, क्लोज्ड आहे म्हणजे वाट्या बाहेरून बंद, हलका आहे, पण गादी कानावर टेकते, कानाभोवती बसत नाही. कान नीट झाकला जात नाही, फट राहते, आणि तासाभरात कानाची पाळी दुखते. काका दहा मिनिटांत नको म्हणाले. मग सेनहायझरचा एचडी २८० प्रो, बजेटच्या वरचा होता पण म्हणलं फरक तरी कळू दे. कंपनी म्हणते बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत कमी करतो, आणि खरंच तो लावला की जग बंद होतं, पण त्याची पकड फार. काका म्हणाले, "अरे हा लिंबू पिळल्यासारखं डोकं पिळतोय." बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० मात्र मी काचेतून बाहेरच काढला नाही. माझा स्वतःचा आवडता, मखमली गाद्या, चार तास घाला काही होत नाही, पण बजेटच्या दुप्पट-तिप्पट किमतीची वस्तू पेन्शनवाल्या माणसाच्या डोक्यावर एकदा ठेवली की मग त्याला दुसरं काही आवडत नाही, हे पाप मी करत नाही.

राहिला ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स. ४० एमएमचे ड्रायव्हर म्हणजे आतले छोटे स्पीकर, ४७ ओहम, म्हणजे फोनवर आरामात वाजतो, वेगळा अँप लागत नाही. काकांच्या फोनला जॅकच नव्हता म्हणून टाइप-सीचं डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा जॅक, लावलं. वायर फिक्स, काढता येत नाही, आणि तब्बल ३ मीटर लांब. लोकलमध्ये न्यायचा असेल तर ही वायर म्हणजे कटकट, पण आरामखुर्चीत बसून ऐकायला उलट बरी.

लावला, मालकंस सुरू केला, काका म्हणाले, "डग्गा कुठे गेला?" तबला टिकटिक येतोय आणि डग्गा गायब. ह्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे आपला कानच, आवाज कमी केला की आपल्याला खालचे सूर बाकीच्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात, हे अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन ह्या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय, जुन्या अँपला जे लाउडनेसचं बटन असायचं ते त्याच्यासाठीच होतं. त्याला इलाज थोडाफार इक्वलायझर, म्हणजे फोनमधली खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय. दुसरं कारण काकांच्या नाकावर होतं. चष्मा! चष्म्याची दांडी गादीखाली आली की तिथे फट पडते आणि क्लोज्ड हेडफोनचा बेस सगळा त्या फटीतून निघून जातो. म्हणलं चष्मा काढा. काढला, गादी केसांवरून नीट कानामागे बसवली, आणि काकांचा चेहरा असा उजळला, हातानं खर्जाचा घुमारा दाखवायला लागले. रात्री डोळे मिटूनच ऐकता ना, मग चष्मा कशाला!

इथपर्यंत माझ्या मते काम झालं होतं. काकूंना विचारलं, काही ऐकू येतंय? त्या म्हणाल्या, "चालू आहे का?" मी खूश. मघाशी काकांचा ओपन-बॅक लावला होता तेव्हा ह्याच काकूंनी तीन फुटांवरून तराणा सुरू झाल्याचं सांगितलं होतं, लय द्रुत झाली हेपण सांगितलं होतं. एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, बरीच गिऱ्हाइकं क्लोज्ड हेडफोन हातात धरून म्हणतात ह्याचा तर आवाज बाहेर येतो, अहो हातात धरला तर येणारच, तो बंद डब्बा आहे आणि त्याचं झाकण तुमचं डोकं आहे.

पण दोन मिनिटांनी काकू म्हणाल्या, "आता येतंय बरं का, बारीक, डास गुणगुणल्यासारखं." मी बघितलं तर काकांनी हळूच आवाज वाढवलेला. फोनमध्ये १५ पायऱ्या, हे १३ वर. मी शांत दुकानात त्याच डोंगलवर ५ वर ऐकत होतो आणि मला भरपूर होत होतं. क्लोज्ड म्हणजे काही साउंडप्रूफ नव्हे, १३ वर कुठलाही ऐकू येणारच. विचारलं एवढा मोठा कशाला, तर म्हणाले, "उजवीकडचं वाजत नाही ना, म्हणून वाढवतो. हापण तसलाच निघाला."

चौथा हेडफोन, तीच तक्रार, तोच कान.

मी फोन मोनोवर टाकला, म्हणजे दोन्ही बाजूंना सेम टू सेम आवाज, गाणारा बरोब्बर कपाळाच्या मधोमध ऐकू यायला पाहिजे. विचारलं गायक कुठे बसलाय? काकांनी डाव्या कानशिलावर बोट ठेवलं. मग मी हेडफोन काढून उलटा घातला, उजवी वाटी डाव्या कानावर, डावी उजव्यावर. काही बोललो नाही, फक्त परत विचारलं. हेडफोन खराब असता तर गायक दुसऱ्या बाजूला उठून जायला पाहिजे होता की नाही? काकांनी परत डाव्या कानशिलावर बोट ठेवलं.

ते बोट तसंच राहिलं. काकांना कळलं, मला कळलं, काकूंनी डोळे उघडले. बाहेर पाऊस आणि आत कोणी काही बोलेना. १४ वर्षांत मी माणसांना खूप वेळा सांगितलंय की तुमचा जॅक खराब आहे, वायर तुटलीय, ड्रायव्हर गेलाय, पण कान खराब आहे हे कसं सांगतात ते मला येत नाही, मी आपला रेडिओ दुरुस्तीवाला माणूस. काकूच म्हणाल्या, "मी म्हणत होते ना, उजव्या बाजूनं हाक मारली की हे ओ देत नाहीत, मला वाटायचं मुद्दाम करतात."

मी विचारलं कधीपासून, एकदम झालं का? कारण आमच्या ओळखीच्या एकांचा एक कान रात्रीत बंद पडला होता आणि डॉक्टरनं तेव्हा बजावलं होतं की असं अचानक झालं तर त्याच दिवशी धावायचं, थांबायचं नाही. काका म्हणाले नाही, वर्षभर हळूहळू, दडा बसल्यासारखं. म्हणलं मग सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे जा, हेडफोन कुठे पळून जात नाही. ते घ्यायला तयार होते, पैसे काढले होते खिशातून, मीच दिला नाही. सेठला हे अजून माहिती नाही. पावणेअकराला शटर लावलं.

बारा-तेरा दिवसांनी काका एकटे आले, हातात कानाच्या तपासणीचा कागद. उजव्या कानात मळाचा चांगला घट्ट गोळा निघाला, ती कानात घालायची बोंडं आणि वर कापसाच्या काड्या, दोन्हींनी मिळून तो आत ठासला होता, डॉक्टरनं काढल्यावर म्हणे पायऱ्यांवर स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून दचकलो. कागदावरच्या आलेखात मात्र दोन्ही कानांना ४००० हर्ट्झजवळ खड्डा होता, म्हणजे तिथले वरचे बारीक आवाज कमी ऐकू येतात. ती प्रेसची देणगी, मशिनच्या आवाजानं कान जातो तो साधारण तिथूनच जायला लागतो, आणि ते परत येत नाही. काका ते सांगताना अगदी शांत होते, म्हणाले, "३० वर्षांचं आहे ते, त्याला काय करणार, पण डॉक्टर म्हणाला जे उरलंय ते सांभाळा. किती आवाज चालेल रे?" मी जे माहिती होतं ते सांगितलं, जागतिक आरोग्य संघटना म्हणते ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, त्याच्यावर गेलात की तास भराभर कमी होतात, आणि तुम्ही ज्या १३ वर ऐकत होतात ते विसरा.

मग परत एम२०एक्स लावला, मोनोवर. गायक कुठे? काकांनी कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं. आवाज ६ वर होता. इक्वलायझरमध्ये खालचा भाग जरासा वर केला, वरचा अगदी चिमूटभर, आणि तेच सेटिंग फोनमध्ये सेव्ह करून दिलं. हेपण सांगितलं की ह्या गाद्या रेक्झिनच्या, मुंबईच्या दमट हवेत दोनेक वर्षांत पापुद्रे निघणार, तेव्हा नवा हेडफोन घेऊ नका, फक्त गाद्या बदलून मिळतात. मुलाचा ओपन-बॅक परत करायचा का विचारलं तर नाही म्हणाले, काकू महिन्यातून एकदा बहिणीकडे बदलापूरला राहायला जातात, तेव्हासाठी ठेवलाय.

गणपतीत खरेदीला दोघं इकडून चालले होते, काकू मुद्दाम आत आल्या. म्हणलं काय काकू, आता झोप लागते ना? म्हणाल्या, "झोप लागते रे, पण आता ह्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. रात्री पाणी मागितलं तर ऐकतच नाहीत, ती वाटी इतकी बंद." मग जरा थांबून, "पण ती वायर लांब आहे ते बरंय, खाटेवरून हात पुरतो. मी ओढते."