तुम्ही विचारलंत म्हणून: मनीप्लँटची कुंडी वरून बोडकी का पडते?

"तुमच्या कुंड्या वरपासून भरलेल्या कशा दिसतात? आमची वेल पार जमिनीला टेकली, पण कुंडीपाशी नुसत्या काड्या उरल्या आहेत," हा प्रश्न बडोद्यातल्या ओळखीच्या बहुतेक घरांतून मला विचारला जातो. जिन्यात उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे पडते, म्हणून आज ते सविस्तर लिहिते. थोडक्यात सांगायचे तर वेल कापावी लागते, तीही कुंडीजवळ, आणि कापलेले तुकडे त्याच कुंडीत परत लावावे लागतात. यातला पहिला भाग ऐकूनच बहुतेकांचा चेहरा उतरतो.

वेल लांब का जाते, हे आधी पाहू. प्रत्येक वेलीच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते देठातून मुळाकडे उतरत जाते. शेंडा शाबूत असेपर्यंत त्याच्या प्रभावाखाली खालचे डोळे, म्हणजे नवा फुटवा देणारे कोंब, झोपलेले राहतात आणि वाढीचा सगळा जोर एकाच टोकाला लागतो. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या की ती डेरेदार होते, हे आपल्या घरांत सर्वांना ठाऊक असते. मनीप्लँटमध्येही तोच नियम चालतो. फरक इतकाच की तुळशीला फांद्या सहज फुटतात, तर मनीप्लँटला शेंडा असेपर्यंत फाटा फारसा फुटतच नाही. दरम्यान कुंडीजवळची जुनी पाने वयाने पिवळी पडून गळतात, आणि गळलेल्या पानाच्या जागी पुन्हा पान येत नाही. तेथून काही निघालेच तर तो डोळ्यातून आलेला नवा फुटवाच असतो.

म्हणून छाटणी करण्यापूर्वी वेल उजेडात धरून एकदा नीट पाहावी. देठावर थोड्या थोड्या अंतराने जाडसर पेरे दिसतात. पेऱ्याच्या एका अंगाला तपकिरी, टोकदार उंचवटा असतो. ते हवाई मूळ होय, आणि ओल मिळाली की तेच मातीत उतरते. पानाचा देठ जेथे वेलीला चिकटतो, तेथे बेचक्यात बारीक हिरवा डोळा दबून बसलेला असतो. पान गळून गेले असेल तर त्याची वळ्यासारखी खूण राहते, पण देठ हिरवा आणि टणक असेल तर त्या खुणेशी असलेला डोळा बहुधा जिवंतच असतो. बोडक्या दिसणाऱ्या काडीवर मी इतका भरवसा ठेवते तो यामुळेच.

अनेकजण वेल फार लोंबू लागली की खालचे टोक कापतात आणि कुंडी भरण्याची वाट पाहत बसतात. कापलेल्या जागेच्या लगेच वरच्या एक-दोन पेऱ्यांतून फुटवे येतात, त्यामुळे गर्दी होते ती खाली, आणि वरचा भाग होता तसाच राहतो. कुंडी भरायची असेल तर तीनचार पेरे कुंडीत ठेवून उरलेली वेल कापावी लागते. पेऱ्यापासून अर्धा ते एक सेंटिमीटर अंतर सोडून, स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने एका घावात काप घ्यावा. सगळ्या वेली एकाच दिवशी आखूड करू नयेत. साधारण एक तृतीयांश वेलींपासून सुरुवात करावी, त्यांना फुटवे आले की पुढच्या घ्याव्यात. झाडाकडे अन्न तयार करायला पुरेशी पाने राहतात आणि कुंडीही उघडी दिसत नाही.

मनीप्लँट कापणे म्हणजे घरातल्या लक्ष्मीवर कात्री चालवणे, असे मला कितीतरी जणींनी कळवळून सांगितले आहे. त्या भावनेचा मी मान राखते, आणि त्यांना एवढेच सांगते की कापलेल्यातले काही बाहेर जात नाही, ते त्याच कुंडीत रुजते. लांब वेलीचे दोन-दोन पेऱ्यांचे तुकडे करावेत, खालच्या पेऱ्याचे पान काढून तो पेरा मातीत आणि वरचा पान घेऊन बाहेर, अशा रीतीने कुंडीच्या मोकळ्या जागी ते खोचावेत. पेरा नसलेले नुसते पान पाण्यात फार दिवस हिरवे राहते, कधी मुळेही धरते, पण त्याला डोळा नसल्यामुळे त्यातून वेल निघत नाही. ज्यांचा हात कात्रीकडे वळतच नाही, त्यांच्यासाठी दाब कलमाचा मार्ग आहे: लोंबणारी वेल उचलून कुंडीतल्या मातीवर गोल फिरवावी, प्रत्येक पेरा केसांच्या आकड्याने मातीला टेकवून ठेवावा, आणि मुळे धरल्यावरच मधले देठ कापावेत. मला स्वतःला हीच पद्धत सर्वांत जास्त आवडते, कारण नवी मुळे येईपर्यंत वेलीचे जुन्या मुळांशी असलेले नाते तुटत नाही आणि तुकडे कुजण्याची भीती जवळजवळ उरत नाही.

ऋतूचे भान मात्र हवे. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि कोरड्या झळांनी नवा फुटवा उमलण्याआधीच करपतो. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते, त्यामुळे काप घेतला तरी डोळे हलत नाहीत. पहिले पाऊस पडून हवेत ओल आली की आषाढापासून पुढचे दोन-तीन महिने छाटणीला उत्तम. तेव्हा दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगलेले दिसू लागतात. छाटणीनंतर पाने कमी झालेली असतात, म्हणून झाड पाणीही कमी ओढते. वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये, आणि गांडूळखत नवे पान उलगडल्यावरच द्यावे.

उजेडाविषयी थोडे जास्त लिहिते, कारण दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या आपल्या जुन्या, खोल घरांत खरी अडचण तेथेच असते. मधल्या खोलीत टांगलेल्या वेलीची पेरे दूर दूर पडतात, पाने लहान राहतात आणि पिवळसर नक्षी फिकी होत जाते. अशा जागी कितीही छाटले तरी फुटवेही तसेच लांबट येतात. कुंडी चौकाजवळ किंवा खिडकीपाशी, जेथे उजेड भरपूर पण दुपारचे ऊन थेट नाही, अशा ठिकाणी हलवावी आणि मगच कात्री हाती घ्यावी. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोओरिया बेटाची, झाडाच्या खोडावर चढणारी. वर चढताना तिची पाने मोठी होत जातात आणि खाली लोंबताना लहान. त्यामुळे टांगत्या कुंडीत मोठ्या पानांची अपेक्षा धरू नये, दाट पानांची धरावी.

छाटणीनंतर हात साबणाने धुवावेत, कारण या वेलीच्या रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि त्यांनी खाज सुटते. याच कारणाने उरलेला पाला भाजीच्या देठांबरोबर रस्त्यावरच्या गायीपुढे टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे; तिच्या तोंडाची आणि घशाची आग होते.

काहीजणी हाच नियम होयाला, म्हणजे मेणासारख्या फुलांच्या झुबक्यांच्या वेलीला, लावू का, असेही विचारतात. होयाची पाने नसलेली लांब काडी दिसली तरी ती कापू नये, कारण पाने तिच्यावर मागाहून येतात. आणि फुले झडल्यावर उरणारा आखूड देठ तर मुळीच छाटू नये, पुढच्या बहराचे झुबके पुन्हा त्याच देठावर येतात.