आजीचं गोंदण आणि गिम्प

आजीच्या जुन्या फोटोवरचे डाग काढायला बसले आणि अख्खी दुपार डाग काढणाऱ्या प्लगइनमागे, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममागे गेली. गिम्प या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरच्या २.१० वरून ३.० वर आले, तर मेनूतून प्लगइन गायब! तीनदा रीस्टार्ट केलं, चहा गार झाला. मग कळलं, माझी प्लगइनची स्क्रिप्ट पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीतली, पायथन २ ची, ३.० ला पायथन ३ लागतं. नवी उतरवली, तरी दिसेना. मी बावळट, फाइल थेट प्लग-इन्स फोल्डरात टाकलेली. तिला तिच्याच नावाचं वेगळं फोल्डर लागतं. शिवाय लिनक्सवर फाइलला एक्झिक्युटेबल, म्हणजे प्रोग्राम म्हणून चालायची परवानगी द्यायची असते, तीही विसरलेले.

शेवटी फिल्टर्समध्ये नाव उमटलं. चालवलं, तर आजीच्या हनुवटीवरचं गोंदणच डाग समजून पुसलं! कंट्रोल झेड. आता हील टूल घेऊन एकेक डाग हातानेच काढतेय.