काया घेताना बरणी उलटी करून वाचा

मलेशियात पेनांगच्या जॉर्जटाउनमध्ये सकाळी जुन्या कोपितियाममध्ये, म्हणजे तिथल्या कॉफीच्या दुकानात, बसलं की ठरलेली न्याहारी येते: खरपूस भाजलेला पाव, आत थंड लोण्याची जाड चकती आणि काया, म्हणजे पावाला लावायचा नारळाचा गोड जॅम. जोडीला अर्धवट उकडलेली अंडी, त्यांवर सोया सॉस आणि पांढरी मिरपूड. ही चव आधी घ्यावी, बरण्या नंतर शोधाव्यात.

काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानची पानं. बासमती आणि आंबेमोहोराला जो वास असतो, तोच या पानांना. शाकाहाऱ्यांनी जपून, तिथल्या बरणीवर आपल्यासारखा हिरवा ठिपका शोधून उपयोग नाही, आणि हलालच्या शिक्क्यावरून अंड्याचं काहीच कळत नाही.

न्योन्या (तिथल्या चिनी-मलय घरांतल्या) पद्धतीचा काया हिरवा, हैनानी (चीनच्या हैनान बेटावरून आलेल्यांचा) तपकिरी; तपकिरी रंग साखर करपवत नेल्याने येतो. मला हैनानी जास्त आवडतो, पण पांदानचा वास हवा तर हिरवाच घ्या. फक्त तो पोपटी, झगझगीत नको. पानांच्या रसाचा रंग मळकट हिरवा असतो. झगझगीत दिसला की घटकांत ई१०२ आणि ई१३३ हे कृत्रिम रंग सापडण्याची शक्यता फार.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. साखर पहिली असली तर बिचकू नका, बहुतेक ठिकाणी तसंच असतं. तिच्यामागे नारळाचं दूध आणि अंडी हवीत. पाणी आणि स्टार्च आले तर बरणी परत ठेवा. खरा काया गरम पाण्यावरच्या भांड्यात सतत ढवळत अंड्याने दाट होतो. आच वाढली की अंडं फुटून गुठळ्या होतात. स्टार्चने ही कटकट वाचते, पण पावावर खळ लावल्यासारखं लागतं.

लंडन-मेलबर्नच्या एशियन दुकानांत जॅमच्या फळीवर काया दिसला नाही, तर नारळाच्या दुधाच्या डब्यांजवळ पाहा. शेजारी फिलिपिन्सचा काळपट ‘कोको जॅम’ असेल. तो नारळाचं दूध आणि गडद साखर आटवून करतात, त्यात अंडं नसतं. वाईट नाही, पण काया नव्हे.

थंडीत वर पांढरा थर दिसला तर बहुधा गोठलेलं खोबरेल असतं, ऊब मिळाली की विरघळतं. केसाळ किंवा हिरवट-काळे ठिपके मात्र बुरशीचेच, आणि झाकण फुगलेलं असेल तर बरणी घेऊच नका. उघडल्यावर फ्रिज आणि कोरडा चमचा. कोपितियामचा ताजा काया आठवड्यात संपवावा. विमानतळावरच्या तपासणीत तो द्रवात मोजतात आणि बऱ्याच ठिकाणी हातातल्या सामानात १०० मिलीचीच मर्यादा असते, म्हणून १०० मिलीपेक्षा मोठी बरणी चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.